सव्वादोनचं माप

चिमाक्का कासारणीनं माझा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि सोप्यातल्या बायकांची कुजबुज थांबली. नवरीला चुडा भरताना बायका अशाच गप्प होतात. पहिली बांगडी सुखरूप मनगटावर उतरली की मग हसणं-खिदळणं, चेष्टा, चहा. तोवर सगळ्यांचे डोळे त्या एका हातावर.

नवरी मी होते. घर माझ्या ताईच्या सासरचं होतं. उद्या सकाळी माझं लग्न लागणार होतं ते ताईच्याच नवऱ्याशी. कालपरवापर्यंत मी त्याला दाजी म्हणत होते. तो अंगणात माझ्या वडिलांशेजारी बसून पान जुळवत होता. ताईला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

चिमाक्कानं माझ्या अंगठ्याखालचा भाग दाबून बघितला, बोटं एकत्र मुडपली, डोळे मिटले.

"सव्वादोन," ती म्हणाली. मग डोळे उघडून माझ्याकडं बघत हळूच पुटपुटली, "तिचंच माप."

या घटकेची मी कधीपासून वाट बघत होते. या बाईला सगळं ठाऊक आहे आणि आज ती सगळ्यांसमोर सांगणार, याची मला खात्री होती. ही खात्री मला राहीनं दिली होती. राही कोण हे सांगितल्याशिवाय मात्र पुढं जाता येणार नाही.

राही कासारीण ही पुस्तकातली बाई. आमच्या गावच्या वाचनालयात खिडकीशेजारच्या कपाटात रहस्यकथा ठेवलेल्या असायच्या. बोटभर जाडीची, पिवळ्या कागदाची पुस्तकं. ग्रंथपाल जोगळेकर ती देताना असा चेहरा करायचे, जणू मुलींच्या हातात विडीकाडी देतायत. त्यातले बाकीचे गुप्तहेर एकजात हॅटवाले. पिस्तूल, मोटार, तोंडात सिगारेट. राहीकडं यातलं काही नव्हतं. डोक्यावर बांगड्यांची पेटी आणि दुखणारे गुडघे, एवढंच तिचं भांडवल. पण फौजदाराला ज्या घरात ओसरीच्या पुढं कुणी येऊ देत नसे, त्या घरात राहीला थेट माजघरात पाट मिळायचा. ती कुणाला काही विचारायची नाही. हात हातात घ्यायची, दाबायची, माप बघायची, आणि बाई आपली आपण बोलायला लागायची. कुठली सून खंगली, कुणाच्या बोटातली अंगठी गेली, कुणाच्या हाताला मातीचा वास येतोय, सगळं राहीला मनगटावरून कळायचं. "हात खोटं बोलत नाही, बाई," हे तिचं ठरलेलं वाक्य. शेवटच्या प्रकरणात ती सगळ्या घराला सोप्यात बसवायची, पेटी उघडायची आणि एकेक बांगडी बाहेर काढत खुन्याचं नाव सांगायची. फौजदार तेवढ्यात धापा टाकत पोचायचा.

त्या शेवटच्या प्रकरणावर आम्हा दोघी बहिणींचा भारी जीव. आण्णांची पिठाची गिरणी होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ताई पोत्यावर बसून मोठ्यानं वाचायची आणि मी ऐकायचे. पुस्तक परत करायला गेलं की जोगळेकर ते टेबलावर आपटायचे, पिठाचा ढग उठायचा.

"काय गं छबू, पुस्तकावर भाकरी थापता काय तुम्ही?"

आमचा एक खेळ होता. त्यालाही आम्ही 'राही' म्हणायचो. एकीनं डोळे मिटून दुसरीचं मनगट धरायचं आणि तिच्या मनात काय लपलंय ते ओळखायचं. ताई हटकून ओळखायची. मी चिंच चोरून खाल्लेली, गणितात नापास झालेली, सगळं. मला वाटायचं तिला खरंच नाडी वाचता येते. ती हसून म्हणायची, "नाडी कुठली? तुझं तोंडच सांगतंय."

ताईचं, म्हणजे शालनचं, लग्न झालं आणि ती नदीपलीकडच्या गावी गेली. घर खातंपितं, जमीन पाण्याखालची, मुलगा विलास दिसायला उंचापुरा. आण्णांनी छाती फुगवून गावभर पेढे वाटले. ताई सणावाराला माहेरी यायची तेव्हा आमची आळी तिचे हात बघायला जमायची, कारण दर खेपेला हातात नव्या बांगड्या. पंचमीला हिरव्या, तर पंधरा दिवसांनी जत्रेला आली की जांभळ्या, दिवाळीला लाल. आमच्या आईचा एक चुडा संक्रांतीला भरला की पंचमीपर्यंत जायचा.

"सासू हौशी मिळाली गं माझ्या शालनला," आई शेजारणींना सांगायची. "सुनेचे हात सजवायचा नाद हाय तिला."

शेजारणी मान डोलवायच्या. मलाही हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर मैना झाली. मैना चालायला लागली तेव्हाच्या पंचमीला ताई आली ती शेवटची. राहीचं नवं पुस्तक मी तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. तिनं अर्धं वाचलं आणि तेवढ्यात दाजी न्यायला आले. अंगणात मैना कोंबड्यांमागं धावत होती. मी ताईचं मनगट धरलं आणि डोळे मिटले.

"राही!"

तिनं हात हिसडला. एवढ्या जोरानं, की मीच चपापले.

"मी काय लहान आहे का आता?" ती म्हणाली. मग जरा हसल्यासारखं करून पदर सारखा केला. "आणि शेवट सांगू नकोस हं मला. पुढच्या खेपेला येऊन वाचते."

पुढची खेप झाली नाही. दिवाळीनंतर एके सकाळी त्यांचा गडी सायकलवरून आला आणि गिरणीच्या दारातच म्हणाला, "आण्णा, शालनवैनी पानी वडताना हिरीत पडल्या."

आईला शेजारणींपाशी ठेवून आण्णा आणि मी निघालो. पोचलो तेव्हा सगळी तयारी झाली होती. पोलीस पाटील येऊन गेला होता, पाय घसरून पडली असं लिहूनही झालं होतं. ताईला अंगणात निजवलं होतं. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, नाकात नथ, कोपरापर्यंत हिरव्यागार बांगड्या. बायका रडता रडता म्हणत होत्या, सवाष्ण गेली, भाग्याची गेली. मी तिच्या उशाशी बसले आणि तिच्या हाताकडं बघत राहिले. दुसरीकडं बघायचा धीर नव्हता. बघता बघता माझ्या लक्षात आलं, यातली एकही बांगडी फुटलेली नाही.

आमच्याकडं बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. यातली एकही वाढली नव्हती. परसातली ती विहीर मी बघितली होती, दगडी बांधणीची, आत पायऱ्यांची. तीत पडलेल्या बाईच्या हातात कोपरापर्यंत काच, आणि साधा चराही नाही?

ताई विहिरीत पडली नाही. आधीच काहीतरी झालं आणि मग तिला पाण्यात सोडली. राहीनं हेच ताडलं असतं.

परतताना एसटीत मी आण्णांना सांगितलं. आण्णा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "ती पुस्तकं वाचून डोस्कं फिरलंय तुझं. पुन्यांदा बोलू नगंस. आईपुढं तर अजिबात न्हाई."

मी गप्प बसले. पण गप्प बसलं म्हणजे मनातलं जातं असं थोडंच आहे?

दोन-तीन महिन्यांत सांगावा आला. वर्षाच्या आत लग्न उरकायचं, तर बाहेरची कशाला, घरातलीच बरी. मैनेला परकी आई नको. छबूला द्या. बँड नको, मांडव नको, आमच्या दारात अक्षता टाकून घेऊ. आण्णा सुपारी कातरत बसले, हो नाही की नाही नाही. आई मात्र माझ्यामागं लागली.

"त्या लेकराचं त्वांड बघ, छबू. सावत्र आई आली तर काय करंल तिचं? तू न्हाई म्हनलीस तर शालनच्या जिवाला काय वाटंल?"

शेवटी मी हो म्हणाले. थोडं मैनेसाठी, हे खरं. पण मनात दुसरंच होतं. त्या घराची कासारीण म्हणजे चिमाक्का. ताईचे हात तिच्याच हातून भरलेले. राहीसारखीच तीही त्या माजघरात बसलेली. चुडा भरायला तीच येणार, कारण ताईच्या सासूनं, पारूबाईनं, बजावलं होतं, चुडा आमच्याच कासारणीचा. मग त्या दिवशी सगळे जमलेले असतील, सोप्यात बसलेले असतील, आणि पेटी उघडलेली असेल. शेवटचं प्रकरण आयतंच मांडलेलं. एकदा का खरं बाहेर आलं की लग्न कोण लावतंय?

एकोणीस वर्षांची होते मी. जग बोटभर जाडीचं आहे असंच वाटत होतं.

तर चिमाक्कानं "तिचंच माप" म्हटलं आणि माळेतली पहिली बांगडी सोडवून माझ्या बोटांवर चढवली. माझ्या शेजारी आई बसली होती, तिच्या मांडीवर मैना. समोर पारूबाई, जरीच्या लुगड्यात. भोवती भावकीतल्या दहा-बारा बायका.

"चिमाक्का," मी मोठ्यानं म्हणाले, "एक विचारू?"

"इचार की, बाई."

"ताईला विहिरीतनं काढली तेव्हा तिच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या होत्या. मी डोळ्यांनी बघितल्या. एकही वाढली नव्हती. दगडी विहिरीत पडलेल्या बाईची एक बांगडी वाढू नये? असं कसं?"

अंगणातला अडकित्त्याचा आवाज थांबला. आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. मी चिमाक्काच्या तोंडाकडं बघत होते. आता ती डोळे मिटेल आणि म्हणेल, हात खोटं बोलत नाही.

चिमाक्का खाली बघून म्हणाली, "त्या मागनं भरल्या, पोरी. हिरीतनं काढल्यावर. म्याच भरल्या. सवाष्ण बाई रिकाम्या हातानं जात न्हाई."

संपलं. एका वाक्यात माझं शेवटचं प्रकरण फुकट गेलं. इतके महिने मी उराशी धरलेला तो पुरावा म्हणजे एक साधा रिवाज निघाला. तिथं बसलेल्या प्रत्येक बाईला तो ठाऊक होता, घरात कधी सवाष्ण गेलेली न बघितल्यामुळं मला एकटीलाच नव्हता. मागून कुणीतरी हसलं.

"पोरगी पुस्तकं वाचती म्हनं लई."

"वाचंना का. पन असं भरल्या घरात?"

आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं जमीन दुभंगावी. आता चुडा भरणार, उद्या अक्षता पडणार, आणि मी या घरात राहणार, त्याच विहिरीचं पाणी ओढत. बांगडी अजून माझ्या बोटांच्या पेरांवर होती.

पारूबाई मात्र रागावली नाही. उलट तिचा आवाज मऊ झाला.

"असू द्या गं. भनीची माया हाय, बोलली. म्या मनाला लावून घेत न्हाई. पन छबे, एक सांगते, बांगड्यांवरनं मला नाव ठेवायला जागा न्हाई. शालनचा हात म्या एक दीस मोकळा ठेवला न्हाई. वाढल्या बांगड्या की बोलीव चिमाक्काला. दर पंधरवड्याला चिमाक्का दारात! इचार तिला. साऱ्या गावात कुनाच्या सुनंला एवढ्या बांगड्या भरल्या न्हाईत. सांग की गं, चिमाक्का."

माझ्या हातावरची चिमाक्काची बोटं थांबली.

"व्हय," ती म्हणाली. "दर पंधरवड्याला भरल्या."

बायकांनी माना डोलवल्या. पण माझ्या आईनं मैनेला थोपटायचं सोडलं. मी तिच्याकडं बघितलं. आई स्वतःच्या हाताकडं बघत होती. ते हात रोज दळण टाकत, पोती ओढत, धुणं आपटत, तरी त्यांतल्या बांगड्या संक्रांतीपासून तशाच्या तशा होत्या. पंधरवड्याला वाढतील अशी कुठली कामं माझ्या ताईला त्या घरात होती? काच कामानं फुटत नाही. कुणी मनगट धरून पिरगाळलं की फुटते. पंचमीला तिनं हात का हिसडला ते मला तिथं बसल्या बसल्या कळलं, आणि आम्ही हौशी सासू हौशी सासू म्हणून गावभर मिरवत होतो.

चिमाक्कानं माझ्या बोटांवरची बांगडी हलकेच काढून घेतली. माळेत परत ओवली. दुसरी माळ उचलली, तिसरी उचलली, पेटीतलं सगळं खालीवर केलं. बायका वाट बघत होत्या. मग तिनं पेटीचं झाकण लावलं.

"हिच्या मापाच्या न्हाईत माझ्याकडं," ती म्हणाली.

"आँ?" पारूबाई पुढं सरकली. "आत्ता तर सव्वादोन म्हनलीस! आनि ती काय, म्होरं पडलीय की माळ."

चिमाक्कानं ती माळ उचलून फडक्यात गुंडाळली.

"ती हिची न्हवं."

"अगं, शालनचंच माप हाय तिचं. शालनला भरत हुतीस न्हवं?"

"भरत हुते," चिमाक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आता न्हाई भरायची, पारूबाई. त्या मापाच्या बांगड्या ह्या घरात आता म्या भरायची न्हाई."

नवरीचा हात मोकळा टाकून कासारीण उठली, असं त्या गावात कुणी कधी ऐकलं नव्हतं. मांजर आडवं गेलं तर घटकाभर थांबून निघता येतं. याला उतारा नाही. बायका एकमेकींना धरून उठल्या. "म्हातारी चळली," पारूबाई ओरडली, "जा रं कुनीतरी, पेठंतल्या दुसरीला बोलवा!" विलास आत आला. चिमाक्का त्याच्याकडं न बघता पेटी डोक्यावर घेऊन दाराकडं चालली.

दारात आण्णा उभे होते. ते सगळं ऐकून उठले होते. माझ्या बापानं जन्मात एक पुस्तक हातात धरलं नव्हतं.

"आक्का," ते म्हणाले, "तुला लेक हाय?"

"हाय, आण्णा."

"ह्या घरात दिली असतीस?"

चिमाक्कानं त्यांच्याकडं बघितलं. डोक्यावरची पेटी सारखी केली आणि ती पायरी उतरून गेली.

आण्णा माझ्याकडं वळले.

"छबू, ऊठ. चपला घाल."

"आण्णा, काय येड्यागत करताय?" विलास म्हणाला. "एका कासारणीच्या बोलन्यावरनं?"

"ती बोलली कुठं?" आण्णा म्हणाले.

आई मैनेला कडेवर घेऊन उठली. तेवढं मात्र विलासनं होऊ दिलं नाही. त्यानं आईचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं मैनेला ओढून घेतलं. "पोर आमचं हाय." आई सोडेना. त्यानं पकड आवळली आणि आईच्या बांगड्या कडकन मोडून सोप्यात पडल्या. हिरव्या काचा फरशीवर घरंगळत गेल्या. वाढल्या, असं कुणी म्हणालं नाही. सगळ्या बायका त्या काचांकडं बघत होत्या, आणि मग एकेक करून भिंतीकडं बघायला लागल्या.

मैना रडत राहिली. आम्ही रस्त्याला लागलो तरी तिचा आवाज येत होता. वेशीपर्यंत येत होता.

पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. आण्णा चौकीत जाऊन आले. तिथल्या माणसानं विचारलं, "पुरावा काय? कासारणीकडं माप नव्हतं, हा?" आण्णा परत आले आणि गिरणीचा पट्टा चढवून बसले. विलासनं उन्हाळ्यात दुसरी बायको केली. मैनेला बघायला गेलो की दार लोटून घ्यायचे. पोरीला सांगून ठेवलं होतं, तुझ्या मावशीनं तुला टाकलं.

चिमाक्काला त्या गावची दारं बंद झाली. एका घरी नवरीला मोकळी टाकणारी कासारीण कुणाला हवी? ती आमच्या गावच्या बाजाराला यायला लागली. आण्णांनी तिला गिरणीच्या पायरीवर बसायला जागा दिली. मी एकदा तिला राहीची गोष्ट सांगितली. शेवटच्या प्रकरणात ती सगळ्यांसमोर कशी नाव घेते ते सांगितलं. चिमाक्का दात नसलेल्या तोंडानं हसली.

"अशी बोलली तर फुडच्या पुस्तकात तिला कोन घरात घेतंय गं?"

"मग तू काय बघितलं होतंस, आक्का?"

तिचं हसणं विरलं. ती फडक्यानं बांगड्या पुसायला लागली.

"शालनचं मनगट बघितलं. लई येळा बघितलं. काळंनिळं. ती म्हनायची, आक्का, जरा जास्त भर, दिसाय नगं. म्या भरत गेले. झाकत गेले." तिनं डोळे पुसले. "तुझ्या राहीला सांग, कासारनीचं काम झाकायचं असतंय."

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. आण्णाही गेले, आईही गेली. मी लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर माझ्या मापाचा मिळाला नाही म्हणून सांगते. जोगळेकरांच्या खुर्चीत आता मी बसते. खिडकीशेजारचं कपाट माझ्या ताब्यात आहे. राहीची पुस्तकं अजून जातात, मुली अजून रांगेत नाव लावतात. त्यांचं काय चुकतं? एक तरी बाई अशी असावी, जिला सगळं कळतं आणि जी सांगते, असं कुणाला वाटणार नाही? ताईचं अर्धं राहिलेलं पुस्तक मात्र मी देत नाही. ते माझ्या खणात आहे. शेवट मीही वाचला नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर एका दुपारी वाचनालयाच्या दारात एक तरुण बाई उभी राहिली. चपला बाहेर काढून आत आली. मी मान वर केली आणि खुर्ची घट्ट धरली. ताईचंच कपाळ, ताईचीच हनुवटी.

"छबूमावशी?" ती म्हणाली. "मी मैना. ओळखलंत?"

काय बोललो ते सगळं आठवत नाही. तिची आजी, म्हणजे पारूबाई, वारल्यावर शेजारच्या कुणीतरी तिला खरं सांगितलं होतं. लग्न होऊन वर्ष झालं होतं, सासर आमच्याच तालुक्यात होतं. आज बाजाराला म्हणून आली होती, लवकर परतायचं होतं. तिनं विचारलं, आई काय वाचायची? मी खण उघडून ते पुस्तक काढलं. त्याच्या पानांत अजून पीठ होतं. ते घ्यायला तिनं दोन्ही हात पुढं केले.

कोपरापर्यंत बांगड्या होत्या. कोऱ्या, हिरव्यागार.

"छान आहेत," मी म्हणाले. "लग्नातल्या का?"

"नाही, परवाच भरल्या." ती खाली बघून हसली. "आमच्या सासूबाई फार हौशी आहेत."

मी तिचं मनगट धरलं. मैनेनं हात झटक्यात मागं ओढू बघितला.

"काय हे मावशी, मी काय लहान आहे का आता?"

पुस्तक खाली पडलं. मी ते उचलायला वाकले नाही. तिचा हात मी सोडला नव्हता.

"मैना," मी म्हणाले, "चपला घाल. माझ्या घरी चल."